लॅबमध्ये चालतं, घरी चालत नाही

"मॅडम, लॅबमध्ये चालतं हो, पण घरी चालत नाही." कॉलेज सुरू होऊन महिना उलटला की हे वाक्य ठरलेलं. बोलणारा दरवर्षी बदलतो, वाक्य तेच. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट आहे. शिकवणं हे माझं काम नाही, ते सरांचं. मशीनं चालू ठेवायची, तास संपला की माऊस मोजून घ्यायचे, जर्नलवर सही आहे का बघायचं आणि यूपीएसने मान टाकली की धावायचं, हे माझं काम. पण "घरी चालत नाही" हे मुलं सरांना सांगत नाहीत, मला सांगतात. सरांना विचारायचं तर प्रश्न अभ्यासाचा हवा, आणि हा प्रश्न अभ्यासाचा आहे असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

घरी काय होतं, ते मला आता न बघता सांगता येतं. मोठ्या भावाने जुना लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. मुलगा व्हिडिओ बघत बघत सीचा कंपायलर उतरवून घेतो, दिवसाचा डेटा त्यातच संपतो. इन्स्टॉल होतं. प्रोग्राम लिहितो, काळी खिडकी उघडतो, जीसीसी टाइप करून एंटर मारतो आणि समोर येतं: 'जीसीसी' इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड. इन्स्टॉलच नीट झालं नसेल असं धरून तो सगळं काढून टाकतो आणि पुन्हा उतरवतो. दुसऱ्या दिवशीचाही डेटा गेला. वास्तविक कंपायलर पहिल्या दिवसापासून डिस्कवर धडधाकट बसलेला असतो. तो कुठे बसलाय, एवढंच विंडोजला कोणी कळवलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, की प्रोग्रामिंगचं पहिलं प्रात्यक्षिक पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' उमटवण्याचं नसावं. कोऱ्या मशीनवर कंपायलर टाकायचा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स लावायची, ती लागली का तपासायचं, मग मुद्दाम मोडायची आणि पुन्हा लावायची, हे पहिलं प्रात्यक्षिक असावं. आणि त्याला मार्क असावेत. मार्क नसलेली गोष्ट आपल्याकडे कोणी करत नाही, त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आपण एखादी कमांड टाइप करतो तेव्हा विंडोज अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. आपण ज्या फोल्डरमध्ये असतो तिथे ते आधी बघतं. तिथे नसेल तर 'पाथ' नावाच्या यादीत लिहिलेले फोल्डर एकामागून एक तपासतं. यादीतली नावं अर्धविरामाने तोडलेली असतात, लिनक्सवर अपूर्णविरामाने. घरात कात्री हवी झाली की आपण आधी शिवणाचा डबा बघतो, मग टेबलाचा खण, मग स्वयंपाकघर. जी पहिली हाताला लागेल ती घेऊन कामाला लागतो, बोथट का असेना. पाथचं नेमकं हेच चालतं. यादीत फोल्डर नसेल तर वस्तू घरात असून नसल्यासारखी. आणि बोथट कात्री यादीत आधी असेल तर धारदारची पाळीच येत नाही.

पाथ हे अशा व्हेरिएबल्सपैकी एक. जावाच्या भोवतीची बरीच साधनं 'जावा होम' कुठे आहे ते विचारतात. मायक्रोसॉफ्टचा सी++ कंपायलर हेडर फाइली कुठे ठेवल्यात ते 'इन्क्लूड' या व्हेरिएबलमधून वाचतो आणि लायब्ररी कुठे ते 'लिब'मधून. ही हाताने भरणं जिकिरीचं, म्हणून व्हिज्युअल स्टुडिओबरोबर 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट' नावाची वेगळी खिडकी येते. ती उघडताना एक बॅच फाइल चालते आणि सगळं भरून ठेवते. मुलं नेहमीची साधी खिडकी उघडतात आणि कंपायलर सापडत नाही म्हणून माझ्याकडे येतात. दोन्ही खिडक्या दिसायला सारख्याच काळ्या, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नाही.

पण मुलांना सगळ्यात जास्त छळते ती गोष्ट वेगळीच आहे. कोणताही प्रोग्राम सुरू होताना त्याला या व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते, ज्या प्रोग्रामने त्याला सुरू केलं त्याच्याकडून. नंतर मूळ यादी बदलली तरी ती प्रत जुनीच राहते. म्हणजे पाथ अगदी बरोबर लिहिला, एकात एक उघडलेल्या डबड्यांचे सगळे ओके दाबले, पण काळी खिडकी आधीपासून उघडी असेल, तर तिला या बदलाचा पत्ताच नसतो. व्हीएस कोडमधल्या टर्मिनलची तऱ्हा तर आणखी पुढची. टर्मिनल बंद करून नवं उघडलं तरी भागत नाही, कारण त्याला प्रत मिळते ती व्हीएस कोडकडून, आणि व्हीएस कोड सकाळपासून उघडा पडलेला असतो. तोच बंद करावा लागतो. मुलं वैतागून मशीन रीस्टार्ट करतात, मग सगळं चालायला लागतं, आणि "रीस्टार्ट मारलं की होतं" एवढंच ज्ञान पदरात घेऊन पुढच्या वर्गात जातात. प्रोसेस म्हणजे काय, तिला आईबाप असतात, तिच्याकडे काय वारशाने येतं, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात त्यांनी पाठ केलेलं असतं. समोर घडत असताना ओळखता मात्र येत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी जावाचा प्रोग्राम घेऊन अडून बसली होती. कंपाइल करताना एकही एरर नाही. चालवायला गेलं की लांबलचक मजकूर: हा क्लास जावाच्या नव्या व्हर्जनने बनवलाय, त्याचा नंबर ६१, आणि मला ५२ पर्यंतचेच नंबर कळतात. ती प्रोग्रामच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. चूक तिथे नव्हतीच. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. मी तिला 'व्हेअर जावा' टाइप करायला सांगितलं. दोन पत्ते आले. पहिला पत्ता होता एका डेटाबेस सॉफ्टवेअरच्या फोल्डरचा. कधीतरी दुसऱ्याच विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी ते टाकलेलं; येताना ते आपली जुनी जावा घेऊन आलं आणि पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलं. 'व्हेअर जावासी' केल्यावर मात्र एकच पत्ता, आपल्या नव्या जावाचा. कंपाइल नव्याने, चालवायला जुनी. ॲडमिनचा पासवर्ड टाकून मी पाथची यादी उघडून दिली, तिने नव्या जावाची ओळ निवडून 'मूव्ह अप' दाबत दाबत वर नेली, नवी काळी खिडकी उघडली, प्रोग्राम चालला. मग तिने विचारलं, "मॅडम, हे आम्हाला कोणत्या सेमिस्टरला होतं?"

कोणत्याच नव्हतं. आमच्या सिलॅबसमध्ये पॉलिमॉर्फिझम आहे, मल्टिथ्रेडिंग आहे, सर्व्हलेट आहे. ज्याच्याशिवाय यातलं काहीही घरच्या मशीनवर चालणार नाही, त्याला एक ओळ नाही. लॅबमध्ये ते आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं. ते कोणीतरी म्हणजे मी. एका मशीनवर सगळं बसवायचं, त्याची इमेज काढायची आणि बाकीच्या मशीनांवर उतरवायची. माझं काम जितकं चोख, तितकी मुलं अडाणी, असा हा उलटा हिशोब आहे.

यूट्यूबवर शिकतात की, असं म्हणणाऱ्यांना मी 'सेटएक्स'ची गंमत सांगते. बऱ्याच व्हिडिओंत पाथ लावायचा झटपट मार्ग म्हणून एक ओळ दिलेली असते: सेटएक्स, पुढे आत्ताचा पाथ, त्याला जोडून नवा फोल्डर. दिसायला देखणी ओळ. पण सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं सगळं कापून टाकतं. शिवाय सिस्टिमचा आणि आपल्या खात्याचा असे दोन वेगळे पाथ असतात, ते या एका ओळीत एकमेकांत कालवले जातात. ज्याच्या लॅपटॉपवर बरंच काही टाकलेलं आहे त्याची यादी सहज हजार अक्षरं ओलांडते; मग शेपूट तुटतं आणि बहुतेक वेळा तुटलेल्या शेपटातच नवा फोल्डर असतो. पडद्यावर एक ओळ वॉर्निंगची येते आणि तिच्याखाली लगेच 'सक्सेस' लिहून येतं. मुलं अर्थातच सक्सेस वाचतात.

पायथॉनवाल्यांचा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाशी 'ॲड टू पाथ' असा एक चौकोन असतो, त्यात टिक नसते, आणि मुलं वरचं मोठं 'इन्स्टॉल नाऊ' दाबून मोकळी होतात. नंतर पायथॉन टाइप केलं की विंडोज त्यांना मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये नेऊन सोडतं. पायथॉन विकत घ्यावा लागतो की काय, असंही मला एकाने घाबरत विचारलं होतं.

आपल्या मुलांची म्हणून एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल कुठे फारसं वाचायला मिळत नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना काही जण हौसेने आपलं नाव मराठीत टाकतात. टाकावंच. पण मग विंडोज त्यांचं घरचं फोल्डर त्याच नावाने, देवनागरीत, बनवतं. इंग्रजी अक्षरांपलीकडे काही असू शकतं याचा विचार न करता लिहिलेली जुनी साधनं त्या वाटेवर अडखळतात. काळ्या खिडकीत नावाच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात, आणि कंपायलर म्हणतो फाइल सापडत नाही. 'प्रोग्राम फाइल्स' या नावातल्या मोकळ्या जागेनेही असंच होतं. युनिक्सकडून आलेलं 'मेक' तर फाइलच्या नावात जागा दिसली की त्याचे दोन तुकडे समजतं. दोष साधनांचा आहे, नावाचा नाही. तरी मी मुलांना सांगते, नाव राहू दे मराठीत, पण कंपायलर आणि प्रोग्राम सी ड्राइव्हवर थेट, आखूड इंग्रजी नावाच्या, जागा नसलेल्या फोल्डरमध्ये ठेव. असं सांगताना मला बरं वाटत नाही. पण सबमिशनची तारीख साधनं सुधारेपर्यंत थांबत नाही.

हे सगळं नवीन आहे, असंही नाही. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आजच्या रूपात आली. डॉसमध्ये ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहेत. मशीन सुरू होताना 'ऑटोएक्झेक' नावाची फाइल चालायची, तिच्यात पाथची ओळ असायची आणि आमच्या वेळी ती ओळ स्वतः लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टर्बो सीची आजकाल चेष्टा होते, रास्तच होते. टर्बो सी++ ३.० हे सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरण्याच्या आधीचं. त्यातला इंट ३२,७६७ ला संपतो. ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, डॉसबॉक्सच्या पोटात घालून चालवावं लागतं. ते लॅबमधून जावं, या मताची मीही आहे. पण त्याचं फोल्डर कोणी हलवलं की पहिल्यांदा 'एसटीडीआयओ डॉट एच उघडता येत नाही' असं यायचं. ऑप्शन्समध्ये जाऊन इन्क्लूडचा पत्ता दुरुस्त केला की त्यापुढे लिंकर अडायचा: 'सी झीरो एस डॉट ओबीजे' सापडत नाही. मग लायब्ररीचा पत्ता. या दोन एररमध्ये कंपायलर वेगळा, लिंकर वेगळा आणि दोघांना वेगवेगळ्या ठिकाणचा माल लागतो, हे त्या काळच्या मुलांना हाताने कळायचं. नव्या साधनांनी ही कटकट झाकली. पण काढली नाही, नुसती झाकली. झाकलेली कटकट एकटं असताना, रात्री, घरी उघडी पडते.

आमचे सर माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, पहिल्याच दिवशी हे समोर ठेवलं तर निम्मी मुलं घाबरून जातील. आधी पडद्यावर काहीतरी उमटू दे, गोडी लागू दे, मग बघू. यात तथ्य आहे. खेड्यातून दोन एसटी बदलून आलेल्या मुलाला पहिल्या तासाला काहीतरी चाललेलं दिसायलाच हवं. तर ठीक, पहिलं नको, दुसरं प्रात्यक्षिक करा. पण "मग बघू" म्हणजे आजवर कधीच बघितलेलं नाही, हे सरांनाही ठाऊक आहे. आता प्रोजेक्टच्या वेळी बघू, म्हणतात. प्रोजेक्टच्या वेळी मुलं कोणाकडून तरी तयार फोल्डर पेनड्राइव्हवर आणतात.

दुसरा युक्तिवाद ऑनलाइन कंपायलरचा. ब्राउझर उघडा, प्रोग्राम लिहा, रनचं बटण दाबा. पाथ नाही, काही नाही. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्या मुलींसाठी तो खरोखरच मोठा आधार आहे आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण तिथे फाइल कुठे जाते, कंपायलर कोणता, कुठल्या व्हर्जनचा, काही दिसत नाही. दोन फाइलींचा प्रोग्राम करायची वेळ आली की मुलं गोंधळतात. वर्षभर त्यावर काढलेला मुलगा परीक्षेला लॅबच्या मशीनवर बसला आणि नेट गेलं, तर त्याच्या हातात काही उरत नाही. आमच्याकडे नेट जातं.

खरी बाब पुढची आहे. पाथ हा या विषयाचा उंबरठा आहे, आत बरंच काही आहे. नोकरीत पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगितलं जातं, की डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही, एन्व्हायर्नमेंटमधून घ्यायचा. हेरोकू कंपनीतल्या मंडळींनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' नावाने जे नियम मांडले त्यांतला हा एक, आणि आता तो सर्रास पाळला जातो. आमची मुलं पासवर्ड कोडमध्येच लिहितात आणि कोड गिटहबवर चढवतात. कोणी ओरडलं की ती ओळ पुसतात, जुन्या इतिहासात ती तशीच राहते. ज्याने पाथ स्वतः लावलाय त्याला व्हेरिएबल प्रोग्रामच्या बाहेर राहतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सुरक्षेचंही तेच. लिनक्स आपण उभे असलेल्या फोल्डरमध्ये आपणहून प्रोग्राम शोधत नाही, त्यामुळे मुलांना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते आणि ती कुरकुरतात. सगळ्यांच्या वापरातल्या फोल्डरमध्ये कोणी नेहमीच्या कमांडच्या नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला तर काय होईल, असं एकदा विचारलं की कुरकुर थांबते. सप्टेंबर २०१४ मध्ये 'शेलशॉक' उघडकीला आला तेव्हा कळलं, की बॅश शेल व्हेरिएबलच्या मजकुराला चिकटवलेल्या कमांडसुद्धा चालवत होतं. सुमारे २५ वर्षं तो दोष तसाच पडून होता. कितीतरी सर्व्हर एका दिवसात धोक्यात आले, तेही एका व्हेरिएबलपायी.

तेव्हा मागणी काय, तर थोडकी आहे. जर्नलमध्ये एक प्रात्यक्षिक: कंपायलर टाका, पाथ लावा, 'व्हेअर' करून दाखवा, दोन व्हर्जन ठेवा आणि क्रम बदलून कोणतं पुढे येतं ते लिहा. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाथमधली एक ओळ काढून मशीन समोर ठेवावं. पाच मार्क पुरेत.

यात अडचण एकच, आणि ती आमच्याच बाजूची आहे. विंडोज सिस्टिमचा पाथ आधी वाचतं आणि आपल्या खात्याचा नंतर, त्यामुळे ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर मुलगा स्वतःचा कंपायलर जुन्याच्या पुढे कायमचा आणू शकत नाही. त्यावर बहुतेक लॅबमध्ये, आमच्याही, असं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं की रीस्टार्ट केलं की मुलांनी केलेलं सगळं पुसलं जातं. मुलं मशीन बिघडवतात, ही भीती. बिघडवतात, खरं आहे. म्हणून सगळी मशीनं मी मागत नाही. खिडकीच्या बाजूची चार जुनी मशीनं, ज्यांवर नाहीतरी कोणी बसायला तयार नसतं, ती मोकळी सोडा, पासवर्ड फळ्यावर लिहा. एखादं कोलमडलं तर इमेज टाकून परत उभं करायला मला पाऊण तास लागतो, आणि तो मी कॉलेज सुटल्यावर देईन. प्राचार्यांच्या कानावर घातलं आहे. त्यांनी लेखी द्या म्हटलंय, तो अर्ज या आठवड्यात देते.